वाचक विचारतात : हृदयाला आधार देणारा पंप पुन्हा काढता येतो का?

गेल्या अंकात हृदयाचे पंपिंग (प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, ते प्रमाण) कमी होण्याविषयी लिहिताना, औषधे पुरी पडत नाहीत तेव्हा बसवल्या जाणाऱ्या यांत्रिक पंपाचा मी शेवटी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नाकडे होता : हा पंप म्हणजे शेवटचा उपाय आहे, की त्याच्या आधाराने स्वतःचे हृदय पुन्हा उभे राहू शकते? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम गाळली आहेत. प्रत्यक्ष उपचारांचा निर्णय मात्र रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

माझे यजमान ४१ वर्षांचे असून माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. सात महिन्यांपूर्वी तापाचे निमित्त झाले आणि त्यानंतर त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. इकोमध्ये पंपिंग १५ टक्के निघाले. अँजिओग्राफीत कोठेही अडथळा नाही. औषधे चालू असूनही तीन वेळा दवाखान्यात दाखल करावे लागले. आता हृदयाला पंप बसवावा किंवा प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवावे, असे डॉक्टर सांगतात. पंप बसवताना त्यांचे स्वतःचे हृदय काढून टाकतात का? आणि एकदा बसवलेला पंप जन्मभर राहतो का?
— एक वाचक भगिनी, सातारा

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नातली आशाही याच ‘नाही’वर उभी आहे. आपल्या डॉक्टरांनी सुचवलेल्या पंपाला ‘एलव्हॅड’ म्हणतात. हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, सगळ्या शरीराला रक्त पुरवते. यजमानांच्या बाबतीत तीच दुबळी झालेली आहे. शस्त्रक्रियेत या कप्प्याच्या टोकाशी एक गोल छिद्र पाडून तेथे पंपाचे तोंड बसवतात आणि पंपातून निघणारी कृत्रिम नळी महारोहिणीला जोडतात. हृदय जागच्या जागी राहते, धडधडत राहते. फक्त त्याच्या वाट्याचे बरेचसे काम पंप उचलतो. सध्या सर्वाधिक वापरात असलेल्या हार्टमेट ३ या पंपाचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास आहे. त्यातील चक्र चुंबकीय शक्तीने अधांतरी तरंगत मिनिटाला साधारणपणे पाच ते सहा हजार फेरे घेते, त्यामुळे त्याचा कोठेही घासा बसत नाही. पंपाला वीज देणारी एक वायर पोटाच्या त्वचेतून बाहेर येते आणि कमरेला बांधलेल्या नियंत्रकाला व दोन बॅटऱ्यांना जोडलेली असते.

आता दुसरा प्रश्न. पंप बसवताना डॉक्टरांच्या मनात तीनपैकी एक हेतू असतो. दात्याचे हृदय मिळेपर्यंत रुग्णाला जगवणे हा एक. प्रत्यारोपण शक्य नसेल तर पंपावरच उरलेले आयुष्य चांगले जगू देणे हा दुसरा. स्वतःचे हृदय सावरेपर्यंत त्याला आधार देऊन मग पंप काढून घेणे, हा तिसरा. या तिसऱ्या हेतूविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

या विद्येचा आरंभच मुळी तिसऱ्या हेतूने झाला. १९६६ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डिबेकी यांनी झडपांच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या स्त्रीचे हृदय काम हाती घेईना, तिला शरीराबाहेरचा पंप जोडला. दहा दिवसांत तिचे हृदय सावरले, पंप काढला आणि ती घरी गेली. पुढे कित्येक वर्षांनी तिचा मृत्यू झाला तो रस्त्यावरील अपघातात. त्या वेळी जगात मानवी हृदयाचे प्रत्यारोपण एकदाही झालेले नव्हते. ते डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला झाले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात तो प्रयत्न केला. प्रत्यारोपणाकडे सगळ्यांचे लक्ष वळल्यावर पंपाकडे ‘तोपर्यंतची सोय’ म्हणून पाहण्याची सवय लागली, आणि हृदय स्वतः सुधारू शकते हा विचार मागे पडला.

तो पुन्हा पुढे आणला इंग्लंडमधील हेअरफील्ड रुग्णालयात डॉ. मॅग्दी याकूब आणि डॉ. एमा बर्क्स यांनी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे १५ रुग्ण होते, ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नव्हता, परंतु स्नायू अत्यंत दुबळा झाला होता. पंप बसवल्यावर त्यांना हृदयाची औषधे एरवी झेपणार नाहीत इतक्या मोठ्या मात्रेत दिली गेली, आणि १५ पैकी ११ जणांचा पंप काढता आला. ही संख्या लहान होती आणि रुग्ण निवडून घेतलेले होते, त्यामुळे अनेकांनी शंका घेतली. म्हणून बर्क्स यांनी अमेरिकेतील सहा केंद्रांत तोच प्रयोग नव्याने केला. त्यात ४० रुग्ण होते, त्यांचे सरासरी वय ३५ होते, आणि पंप बसवतेवेळी त्यांचे पंपिंग आपल्या यजमानांसारखेच, सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास होते. हेअरफील्डच्या प्रयोगात दिलेले एक खास औषध या वेळी वगळले होते. बाकीची औषधे नेहमीचीच, फक्त ती ठरवून, वाढवत, पूर्ण मात्रेपर्यंत नेली होती. १८ महिन्यांच्या आत ४० पैकी १६ जणांचा पंप निघाला. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. अमेरिकेत पंप बसवलेल्या सर्व रुग्णांची जी एकत्रित नोंद ठेवली जाते, तिच्यात हृदय सुधारल्यामुळे पंप काढलेल्यांचे प्रमाण शंभरात एक-दोन इतकेच आहे. एकीकडे शंभरात चाळीस आणि दुसरीकडे शंभरात एक किंवा दोन. यातला काही फरक रुग्णांच्या निवडीमुळे पडतो हे मान्यच करावे लागेल, कारण नोंदीतील अनेक रुग्ण वयस्कर आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले असतात. पण सगळा फरक तेवढ्यानेच पडतो असे मला वाटत नाही. पंप चालू झाला, रुग्ण चालू-फिरू लागला, की औषधे वाढवण्याचा आग्रह सुटतो आणि ‘हृदय आता कितपत काम करते’ हे कोणी तपासतच नाही. ज्याचा शोधच घेतला जात नाही, ते सापडावे कसे?

यजमानांचे वय ५० च्या आत आहे, आजाराला वर्षही झालेले नाही आणि रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. हृदय सुधारण्याची शक्यता ज्या गोष्टींमुळे वाढते, त्यांपैकी या तीन महत्त्वाच्या गोष्टी त्यांच्या बाजूच्या आहेत. डावी जवनिका किती फुगली आहे आणि मूत्रपिंडाचे काम कसे आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्या. जवनिकेचा व्यास साडेसहा सेंटीमीटरच्या आत असणे आणि क्रिएटिनिन न वाढलेले असणे, या गोष्टीही अनुकूल धरल्या जातात. त्याआधी मात्र एक खातरजमा हवी. स्नायू दुबळा होण्यामागे सतत वेगाने चालणारे ठोके, थायरॉइडचा विकार, मद्य, किंवा स्नायूला अजून चालू असलेली सूज यांपैकी दूर करता येण्याजोगे काही कारण नाही ना, आणि हृदयाची चारही प्रकारची मुख्य औषधे त्यांच्या रक्तदाबाला झेपतील तितक्या पूर्ण मात्रेत दिली गेली आहेत ना, हे नीट विचारावे. ते सगळे करूनही वारंवार दाखल व्हावे लागत असेल, तर पंपाचा निर्णय लांबणीवर टाकणे धोक्याचे असते, कारण यकृत आणि मूत्रपिंडे थकल्यावर हीच शस्त्रक्रिया कितीतरी अवघड होते.

पंप बसवायचे ठरलेच, तर शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना इतकेच विचारा : ‘पंप बसवल्यावर औषधे कोण वाढवणार, आणि हृदय सुधारले का याची तपासणी कोणत्या महिन्यात करणार?’ याचे उत्तर रुग्णाच्या फायलीत पहिल्या दिवशीच लिहिलेले असावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या देशात हा पंप परदेशातून आणावा लागतो आणि एकंदर खर्च एक कोटी रुपयांच्या घरात जातो. त्यासाठी कुटुंबे शेत आणि घर गहाण ठेवतात. इतके मोल देऊन हृदयाला मिळवून दिलेली विश्रांती तपासणीवाचून वाया जाऊ नये.

मी आयुष्यभर यंत्रशाळेत काम केले. झिजलेले यंत्र बंद ठेवले म्हणून त्याची झीज भरून येत नाही. मग पंप लावून हृदयाला विश्रांती दिल्याने ते कसे सुधारते? शिवाय हात प्लॅस्टरमध्ये ठेवला तर त्याचा स्नायू वाळतो. हृदयाचे तसे होत नाही का?
— एक निवृत्त अभियंता, पिंपरी

आपले दोन्ही प्रश्न नेमके आहेत. खरे तर संशोधकही याच दोन प्रश्नांवर गेली तीन दशके काम करीत आहेत.

यंत्राला स्वतःची डागडुजी करता येत नाही, पेशीला येते. परंतु ती करण्यासाठी पेशीवरचा ताण आधी उतरावा लागतो. अभियंता या नात्याने हे सूत्र आपल्या लगेच लक्षात येईल : पोकळ भांड्याच्या भिंतीवरचा ताण आतील दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकारानुसार वाढतो, आणि भिंतीच्या जाडीनुसार कमी होतो. दुबळे हृदय फुगते. फुगले की त्रिज्या वाढते, भिंत पातळ होते, म्हणून ताण वाढतो. ताण वाढला की स्नायू आणखी थकतो आणि हृदय आणखी फुगते. रक्तदाब टिकवण्यासाठी शरीर ॲड्रेनलीनसारखी द्रव्ये सतत सोडत राहते, आणि ती द्रव्ये थकलेल्या बैलाला चाबूक मारावा तसे हृदयाला पिटाळतात. हे दुष्टचक्र औषधांनी सैल होते, पण आजार फार पुढे गेला असेल तर औषधे सोसण्याइतका रक्तदाबच उरत नाही. पंप येथे दुहेरी काम करतो. तो जवनिका आतून रिकामी करून भिंतीवरचा ताण उतरवतो, आणि शरीराचा रक्तपुरवठा सांभाळून रक्तदाब असा राखतो, की औषधांची मात्रा वाढवता यावी. माझ्या मते यातले दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे आहे, आणि ते नेमके विसरले जाते.

ताण उतरल्यावर काय बदलते, हे रुग्णांच्या हृदयाचे तुकडे तपासून पाहता आले आहे, कारण पंप बसवताना जवनिकेच्या टोकाचा छोटा तुकडा निघतोच आणि पुढे प्रत्यारोपणाच्या वेळी पूर्ण हृदय हाती येते. फुगलेल्या पेशी आकाराने कमी होतात. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम आत-बाहेर करणारी यंत्रणा पुन्हा सुरळीत चालू लागते. ॲड्रेनलीनचा संदेश टिपणारे पेशीवरचे ग्राहक (रिसेप्टर) त्याला दाद देईनासे झालेले असतात, तेही पुन्हा जागे होतात. मात्र अशा सूक्ष्म सुधारणा कितीतरी जणांच्या पेशींत दिसतात आणि त्यामानाने फार थोड्यांचे हृदय प्रत्यक्षात स्वबळावर उभे राहते. पेशी सुधारणे आणि हृदय सुधारणे यांतले हे अंतर कशामुळे पडते, याचा शोध अजून चालू आहे.

प्लॅस्टरमधल्या हाताची आपली शंका रास्त आहे. अगदी पूर्ण विश्रांती मिळालेल्या हृदयाचा स्नायू वाळू शकतो, अशी भीती संशोधकांनाही होती आणि हेअरफील्डच्या प्रयोगातील ते खास औषध याच भीतीपोटी, स्नायू भरीव ठेवण्यासाठी दिले गेले होते. पण पंपावरचे हृदय प्लॅस्टरमध्ये नसते. ते दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतच असते, फक्त त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरलेले असते. आणि विश्रांतीचा काळ संपत आला की पंपाचा वेग हळूहळू उतरवून थोडे थोडे काम हृदयाकडे परत देता येते.

याहून विलक्षण गोष्ट अलीकडे समोर आली आहे. हृदयाच्या स्नायुपेशी जन्मानंतर नव्याने तयार होतच नाहीत, असे आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले होते. हे खरे का, ते तपासण्याची वाट अनपेक्षित ठिकाणी सापडली. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या आरंभी उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ चे प्रमाण एकदम वाढले आणि अशा चाचण्यांवरील बंदीच्या १९६३ च्या करारानंतर ते उतरत गेले. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतले प्रमाण तिच्या डीएनएमध्ये कोरले जाते, त्यामुळे पेशीचे वय काढता येते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन आणि ओलाफ बर्गमन यांनी या युक्तीने २००९ साली दाखवून दिले, की वयाच्या पंचविशीत हृदयातील सुमारे एक टक्का स्नायुपेशी दरवर्षी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. २०२४ च्या अखेरीस बर्गमन आणि अमेरिकेतील त्यांचे सहकारी यांनी हीच पद्धत पंप बसवलेल्या रुग्णांच्या हृदयाला लावली. दुबळ्या हृदयात पेशी नव्या होण्याचा वेग निरोगी हृदयापेक्षाही कितीतरी कमी आढळला. परंतु पंपावर असताना ज्यांचे हृदय खरोखर सुधारले, त्यांच्यात हा वेग निरोगी हृदयाच्या सहापट किंवा त्याहून अधिक होता. अभ्यासातले रुग्ण थोडे आहेत, म्हणून यावरून फार मोठे दावे करू नयेत. तरीही, यंत्र बंद ठेवल्याने झीज भरत नाही हे आपले म्हणणे हृदयाला लागू पडत नाही, असे म्हणण्याला आता भक्कम आधार मिळाला आहे.

माझ्या वडिलांचे वय ६७ असून त्यांना हृदयविकाराचे दोन मोठे झटके येऊन गेले आहेत. पंपिंग २० टक्के आहे. पंप बसवल्यास त्यांचे हृदय पूर्ववत होईल काय?
— एक वाचक, कोल्हापूर

तशी अपेक्षा ठेवून पंप बसवू नये. झटक्यात स्नायूचा जो भाग मरतो, तेथे व्रण तयार होतो, आणि व्रणाला कितीही विश्रांती दिली तरी त्याचा स्नायू होत नाही. काही वेळा रक्तपुरवठा अपुरा पडल्याने स्नायू जिवंत असूनही निपचित पडलेला असतो. तो किती आहे हे विशेष तपासणीत कळते आणि बायपासने किंवा अँजिओप्लास्टीने त्याला जाग येईल का, याचा विचार तज्ज्ञ रुग्णागणिक करतात. ही चौकशी आधी करावी.

म्हणजे वडिलांना पंपाचा उपयोगच नाही, असे मात्र समजू नका. त्यांच्या बाबतीत पंप हा हृदय बरे करण्यासाठी नव्हे, तर त्यांना जगवण्यासाठी आणि धाप न लागता जगवण्यासाठी असेल. २००१ साली प्रत्यारोपण शक्य नसलेल्या १२९ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वर्षाअखेर पंपावरचे ५२ टक्के आणि केवळ औषधांवरचे २५ टक्के रुग्ण हयात होते. दोन वर्षांनी मात्र पंपावरचेही २३ टक्केच उरले होते, कारण त्या काळचे पंप मोठे, ठोक्यांवर चालणारे आणि लवकर बिघडणारे होते. हार्टमेट ३ च्या मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनंतर ५८ टक्के रुग्ण हयात आढळले. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण एकसारखे नव्हते, तरी मधल्या वीस वर्षांत पंप किती सुधारले, हे त्यावरून दिसते. याबरोबर रक्तस्राव, पक्षाघात, वायरीच्या जागेचा जंतुसंसर्ग आणि हृदयाची उजवी बाजू कमी पडणे हे धोके येतात. वडिलांना स्वतःला काय हवे आहे, हे त्यांच्याशी शांतपणे बसून बोलल्याशिवाय हा निर्णय मुलांनी परस्पर घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.

माझ्या मोठ्या भावाला पंप बसवून दहा महिने झाले. तो आता रोज तीन किलोमीटर चालतो. हृदय पंप काढण्याइतके सुधारले आहे, हे डॉक्टर कसे ओळखतात?
— एक वाचक, फोंडा, गोवा

रुग्णाला बरे वाटते आहे, यावरून ते ओळखता येत नाही, कारण बरे वाटणे हे पंपाचे श्रेय असू शकते. हृदयाची परीक्षा पंपाचा हात काढून घेऊनच करावी लागते. रक्त पुरेसे पातळ आहे याची खात्री करून पंपाचा वेग पायरीपायरीने उतरवतात आणि प्रत्येक पायरीला इको करतात. अगदी कमी वेगावर पंप जवळजवळ काहीच मदत करीत नाही, आणि त्या अवस्थेत रुग्णाला काही वेळ विश्रांतीत व नंतर सहा मिनिटे चालवून पाहतात. पंपिंग ४५ टक्क्यांच्या वर टिकते का, जवनिका पुन्हा फुगत तर नाही ना, झडपांतून गळती वाढते का, हे पाहिले जाते. हे सगळे समाधानकारक असेल तर मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून नळी घालून हृदयातील दाब मोजतात आणि श्रमाच्या चाचणीत शरीर किती ऑक्सिजन वापरते, हेही तपासतात. अशी परीक्षा एकदा नव्हे, तर काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उत्तीर्ण व्हावी लागते. त्यानंतर पंप पूर्ण काढतात, किंवा त्याचे तोंड खास बुचाने बंद करून वायर कापतात आणि पंप आतच राहू देतात.

घरी स्वतः पंपाचा वेग कमी करण्याचा किंवा थोडा वेळ पंप बंद करून पाहण्याचा विचार कोणीही, चुकूनही करू नये. थांबलेल्या पंपातून रक्त उलटे वाहते आणि गुठळी होते.

भाऊ तीन किलोमीटर चालतात हे वाचून आनंद झाला. पुढच्या भेटीत त्यांच्या डॉक्टरांना या तपासणीविषयी अवश्य विचारा.

माझ्या मुलीला बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात धाप लागू लागली. पायांना सूज होती, पण ती बाळंतपणाची म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. अखेर तिला अतिदक्षता विभागात ठेवून मांडीतून एक पंप घालावा लागला. सहाव्या दिवशी पंप काढला. आता पंपिंग ४० टक्के आहे. हे कायमचे दुखणे आहे का?
— एक आई, अकोला

आपण स्वतःला दोष देऊ नका; ही सूज आणि ही धाप ओळखण्यात दवाखान्यांतही चूक होते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा हा एक स्वतंत्र आजार आहे. दुबळ्या हृदयाच्या सर्व कारणांत सुधारणेची शक्यता सर्वाधिक असलेल्यांपैकी हा एक होय. अमेरिकेतील १०० स्त्रियांच्या एका अभ्यासात वर्षभरात सुमारे ७० टक्के स्त्रियांचे पंपिंग ५० टक्क्यांच्या पुढे गेले. आपली मुलगी आधीच ४० वर आली आहे, हे चांगले लक्षण आहे.

मांडीच्या धमनीतून घातलेला पंप हा तात्पुरता असतो आणि काही दिवसांचा धोक्याचा काळ निभावून नेण्यासाठीच वापरतात. अशा साधनांचे प्रकार अनेक आहेत आणि सगळी सारखीच उपयोगी पडत नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. महारोहिणीत फुगवायचा फुगा कित्येक वर्षे जगभर वापरला जात होता. झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेल्या ६०० रुग्णांवर जर्मनीत अभ्यास झाला, तेव्हा २०१२ साली लक्षात आले, की त्याने मृत्यूंचे प्रमाण कमी होत नाही. मांडीतून जवनिकेपर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म पंपाने मात्र २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच काही निवडक रुग्णांमध्ये, सहा महिन्यांतील मृत्यू सुमारे ५९ वरून ४६ टक्क्यांवर आणले, जरी रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणे हे उपद्रव वाढले. आपल्या मुलीचा आजार झटक्याचा नव्हे, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिच्या बाबतीत सहा दिवसांचा आधार पुरेसा ठरला, ही समाधानाची गोष्ट आहे.

एक गोष्ट घरातील सर्वांनी, सासरच्या मंडळींनीही, नीट समजून घ्यावी. पुढच्या गरोदरपणात हा आजार उलटू शकतो, आणि पंपिंग पूर्ण सुधारलेले नसेल तर धोका फार मोठा असतो. शिवाय तिला चालू असलेल्या औषधांपैकी काही औषधे गर्भाला घातक आहेत. म्हणून हृदयतज्ज्ञांच्या स्पष्ट परवानगीवाचून पुन्हा दिवस राहू देऊ नयेत, आणि ‘दुसरे मूल कधी’ असा तगादा तिला कोणी लावू नये.

माझे पंपिंग दोन वर्षांपूर्वी २५ टक्के होते. पंप बसवण्याचीही चर्चा झाली होती, पण केवळ औषधांनीच ते ५५ टक्क्यांवर आले. आता गोळ्या बंद करू का?
— एक वाचक, नागपूर

करू नका. लंडनमध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन आपल्यासारख्या ५१ जणांचा अभ्यास झाला. त्या सर्वांचे पंपिंग पूर्ववत झाले होते आणि कोणालाही काही त्रास नव्हता. देखरेखीखाली गोळ्या हळूहळू बंद केलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. म्हणजे सुधारलेले दिसणारे हृदय अनेकदा औषधांच्या आधाराने उभे असते. गोळ्यांचा त्रास होत असेल तर मात्रा बदलता येते, पर्यायी औषध देता येते. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पंप काढून घेतलेल्या रुग्णांनाही हेच लागू पडते.

आमच्या गावात रोज चार-पाच तास भारनियमन असते. अशा ठिकाणी पंप बसवलेला माणूस राहू शकतो का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

राहू शकतो, पण तयारीने. पूर्ण भारित बॅटऱ्यांची जोडी चांगल्या अवस्थेत सतरा तासांपर्यंत चालते. तरीही राखीव जोड्या नेहमी भारित हव्यात आणि रात्री झोपताना पंप घरातील विजेवर चालवतात, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा जनरेटर लागतोच. वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी कळवून ठेवावे. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी कधीही काढू नयेत. एक बदलल्यावरच दुसरीला हात लावावा. विहिरीत किंवा नदीत पोहणे वर्ज्य आहे. वायरीची जागा दररोज निर्जंतुक पद्धतीने स्वच्छ करून पट्टी बदलणे, हे काम घरातील एका व्यक्तीने रुग्णालयातच शिकून घ्यावे लागते. शेतातली धूळ आणि घाम यांमुळे आपल्याकडे त्याला जास्तच महत्त्व आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसाठी नियमित रक्ततपासणी लागते, म्हणून ती जवळच्या कोणत्या गावात होते, हेही आधीच पाहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट गावातल्या आरोग्य केंद्राला अगोदर जाऊन सांगून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. हा पंप रक्त सतत वाहते ठेवतो, त्यामुळे रुग्णाची नाडी बहुधा हाताला लागत नाही आणि नेहमीच्या यंत्रावर रक्तदाबही दिसत नाही. उद्या तो चक्कर येऊन पडला आणि नाडी लागली नाही, तर माणूस गेला असे कोणी समजू नये. छातीला कान लावावा. पंपाची एकसारखी घरघर ऐकू येत असेल तर पंप चालू आहे. ती ऐकू येत नसेल तर आधी नियंत्रकाच्या आणि बॅटऱ्यांच्या जोडण्या पाहाव्यात, आणि पंप बसवलेल्या रुग्णालयाला त्याच क्षणी फोन करावा. तो क्रमांक नियंत्रकाच्या पिशवीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.